बंब शोधला तर अग्निशमन दल येतं: गूगल सर्च कन्सोल, भांडी बाजारातून

आमचं दुकान नाशिकच्या भांडी बाजारात. तांबं, पितळ, थोडं कासं. नाना, म्हणजे माझे सासरे, अजूनही रोज सकाळी दहाच्या ठोक्याला गल्ल्यावर येऊन बसतात. खरेदी आणि घाऊक गिऱ्हाईक आमचे हे बघतात, आणि वेबसाइट माझ्याकडे. लॉकडाऊनमध्ये तिचा हट्ट मीच धरला होता, त्यामुळे ती चालेना तेव्हा टोमणेही माझ्याच वाट्याला. "काय गं, तुझं दुकान उघडलं का आज?" असं नाना चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारायचे आणि उत्तराची वाटही बघायचे नाहीत.

तर हे परीक्षण गूगल सर्च कन्सोलचं, म्हणजे आपली साइट गूगलवर कुठे आणि कशी दिसते ते साइटच्या मालकाला दाखवणाऱ्या गूगलच्याच साधनाचं. फुकट आहे, सव्वा वर्ष वापरते आहे, आणि बऱ्यापैकी शिव्या घालूनही रोज सकाळी उघडते. पण त्याच्या आधी जे झालं ते सांगितल्याशिवाय याची किंमत कळायची नाही.

एका कंपनीचा फोन आला होता. नाव घेत नाही. "मॅडम, गॅरंटीड फर्स्ट पेज. सहा महिने. अठरा हजार फक्त." मुलगा बोलायला गोड होता आणि मी नानांच्या टोमण्यांना कंटाळले होते, त्यामुळे दिले. त्यांनी साइट नव्याने बांधली, आणि मग दर महिन्याला एक रंगीत पीडीएफ यायची. हिरवे बाण, वर, वर, वर. तिसऱ्या महिन्यात लिहिलं होतं की आमचं दुकान पहिल्या क्रमांकावर. कोणत्या शब्दांसाठी, ते बारीक अक्षरात: "प्युअर ट्रॅडिशनल कॉपर ब्रास युटेन्सिल्स शॉप भांडी बाजार निअर रविवार कारंजा नाशिक". आता मला सांगा, असं कोण टाइप करतं? भांडी बाजारात पोचलेला आणि रविवार कारंजा माहीत असलेला माणूस शोधाशोध कशाला करेल, तो चार पावलं चालून दुकानात येईल. आणि वाटेत तीन दुकानात भाव करून येईल.

त्यांनी "पाचशे कीवर्ड", म्हणजे लोक शोधतील असे शब्द, घातल्याचंही बिलात होतं. ते साइटच्या पोटात, मेटा कीवर्ड नावाच्या ओळीत होते. ती ओळ क्रमवारीसाठी आपण वाचतच नाही, असं गूगलने २००९ सालीच जाहीर सांगितलेलं आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कुणालाच देता येत नाही, हेही गूगलच्याच मार्गदर्शिकेत लिहिलंय. दोन्ही मला पैसे देऊन झाल्यावर कळलं.

दिवाळीत माझी भाची, ह्यांच्या बहिणीची मुलगी, पुण्याहून आली होती. ती याच क्षेत्रात नोकरी करते. भाऊबीजेच्या दिवशी अनारसा खाता खाता तिने विचारलं, "मामी, सर्च कन्सोलमध्ये काय दिसतंय?" मी म्हटलं, ते काय असतं? तिने अनारसा ताटात ठेवला.

जोडणी पंधरा मिनिटांत झाली. साइट आपलीच आहे हे सिद्ध करायला गूगल एक लांबलचक सांकेतिक ओळ देतं, ती डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या, खात्यात नेऊन चिकटवायची. आमचं डोमेन सुदैवाने ह्यांच्या नावावर होतं. साइट कुणाकडूनही करून घ्या, डोमेनचं खातं आणि त्याचा पासवर्ड आपल्याच कपाटात ठेवा. दुकानाची किल्ली कामगाराच्या घरी ठेवत नाही ना आपण. पहिले दोन-चार दिवस पडदा कोरा होता. मग आकडे यायला लागले, आणि "पेजेस" या भागात जे दिसलं त्याने मी खुर्चीवरून उठलेच.

एकूण पानं ५८. गूगलच्या यादीत ७. बाकी ५१ पानांपुढे कारण लिहिलेलं: नोइंडेक्स टॅगमुळे वगळली.

नोइंडेक्स म्हणजे आपणच गूगलला सांगायचं, हे पान तुझ्या यादीत घेऊ नकोस. साइट बांधताना अर्धवट काम लोकांना दिसू नये म्हणून लावतात. आमच्या मालाची सगळी पानं प्लगइनमधल्या, म्हणजे साइटला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममधल्या, एकाच बटणाने बंद होती, आणि ते बटण उघडायचं राहून गेलं होतं. सहा महिने. हिरवे बाण वर वर जात होते आणि आत घंगाळं, पराती, समया, अभिषेकपात्रं अंधारात बसली होती. भाचीने बटण सरकवलं. अर्ध्या सेकंदाचं काम. मी नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे शटर खाली, आणि बाहेर बोर्डाला रोषणाई." यापुढे मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

हे एवढं जरी सर्च कन्सोलने केलं असतं तरी मी पाचातले पाच तारे दिले असते. पण खरी मजा "परफॉर्मन्स" या भागात आहे. लोकांनी गूगलवर काय टाइप केलं तेव्हा आपलं पान समोर आलं, किती वेळा आलं, किती जणांनी त्यावर टिचकी मारली आणि आपण सरासरी कितव्या जागी होतो, याची यादी. सोळा महिने मागची बघता येते. ही यादी मी वर्तमानपत्रासारखी वाचते.

पहिला धडा बंबाने दिला. आमच्याकडे तांब्याचे बंब आहेत. मध्ये निखाऱ्याची नळी, भोवती पाणी, खाली जाळी. फार्महाऊसवाले हौसेने नेतात. "बंब नाशिक" या शब्दांवर आमचं पान बरेचदा दिसत होतं आणि टिचकी एकही नाही. मला वाटलं फोटो वाईट आहे. मग मीच ते शब्द टाइप करून बघितले तर समोर अग्निशमन दल. बरोबरच आहे, नाशिककर "बंब कुठंय" विचारतो तेव्हा शंभरात नव्याण्णव वेळा कुठेतरी आग लागलेली असते! अशा माणसाला मी आंघोळीच्या पाण्याचा बंब दाखवत होते. तिथे लढण्यात अर्थ नव्हता. पानाचं शीर्षक "आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब" असं केलं, खाली किती लिटरचा, अंदाजे किती किलोचा, लाकूड चालतं की कोळसा, हे लिहिलं. लिटर आणि वजन लोक खूप विचारतात, कारण तांब्याचा भाव किलोवर आणि तो रोज हलतो. त्यामुळे साइटवर किंमत लिहिली की दुसऱ्या आठवड्यात भांडण. वजन लिहिलं की माणूस स्वतः हिशोब मांडतो आणि फोन करतो.

गंगाजळीचं तर विचारूच नका. गंगेवरचं पाणी, म्हणजे आमच्या गोदावरीचं, घरी न्यायला यात्रेकरू जो तोंडबंद छोटा गडू घेतात त्याला आम्ही पिढ्यानपिढ्या गंगाजळी म्हणतो. त्या पानाची सरासरी जागा साठच्याही पुढे. आमच्या पुढे कोण, तर परकीय चलनाच्या बातम्या. रिझर्व्ह बँकेची गंगाजळी इतक्या अब्ज डॉलरने वाढली, तितक्याने घटली. ह्यांनी ते बघून दुकानभर सांगितलं की आपली स्पर्धा आता थेट रिझर्व्ह बँकेशी आहे. पान "गंगाजल नेण्यासाठी तांब्याचा गडू" या नावाने फिरवलं, तेव्हा कुठे गिऱ्हाईक यायला लागलं.

आणि तिसरी ती काशाची वाटी. आम्ही बोर्डावर, बिलावर, साइटवर सगळीकडे "काशाची वाटी" लिहितो. यादीत सापडलं: "पायाला तूप चोळायची वाटी". बहुतेकांनी इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं, कुणी तूप, कुणी तेल. वस्तूचं नावच माहीत नाही, काम माहीत आहे. आता गंमत अशी की काउंटरवर हे रोज घडतं. एखादी मुलगी येते, हाताने गोल दाखवते आणि म्हणते, "काकू, ते आजी पायाला लावायची ना, ते द्या." मी वाटी काढून देते, ती ओळखते, संपलं. इतकी वर्षं ऐकत आले आणि साइट लिहायला बसले तेव्हा मात्र पुस्तकी नावं लिहून मोकळी झाले. शीर्षकात "पायाला तूप चोळायची काशाची वाटी" असे शब्द घातले आणि साधारण दोन महिन्यांत ते गूगलच्या निकालांच्या दुसऱ्या पानावरून वरच्या तिसऱ्या-चौथ्या जागेवर आलं. एका रुपयाचा खर्च नाही.

सगळ्यात जास्त चालतं ते पान मात्र आम्ही विकत नाही त्या गोष्टीचं आहे. यादीत "कल्हई" परत परत येत होतं. नाशिकमध्ये कल्हई कुठे करून मिळते, कल्हई न करता पितळेचं पातेलं वापरलं तर काय होतं, असं. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाचं भांडं ठेवून घेतो आणि ओळखीच्या कल्हईवाल्याकडून करून देतो; साइटवर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी एका दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसले. भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, भप्पकन पांढरा धूर, मग कथलाची काडी आत फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका हाताने ती चांदी सगळीकडे पसरवत न्यायची. चार सेकंद उशीर झाला तर डाग पडतो. मी मोबाइलवर फोटो काढले, काळं पातेलं आणि तेच पातेलं दहा मिनिटांनी. घरी येऊन लिहिलं: कल्हई कशासाठी, ताक आणि चिंचेचं सार बिनकल्हईच्या पितळेत का कळकतं, कल्हई गेली हे कसं ओळखायचं, आम्ही भांडं किती दिवस ठेवून घेतो. "कळकणे" हा शब्द मुद्दाम ठेवला. भाची म्हणाली, मामी, हे कुणी शोधणार नाही. शोधतात. बायका शोधतात. आणि वाचणारी बाई मग घरातलं आणखी एक पातेलं घेऊन येते.

आता तक्रारी.

सरासरी क्रमांक हा आकडा माणसाला वेड लावतो. एप्रिलमध्ये आमचा ९ होता, जूनमध्ये २३ झाला. मी दोन दिवस जेवले नाही म्हणा ना. भाचीला रात्री साडेदहाला फोन. ती म्हणाली, "मामी, इम्प्रेशन बघ आधी." इम्प्रेशन म्हणजे किती वेळा दिसलो, ते तिप्पट झाले होते. पूर्वी चार शब्दांवर दिसायचो, त्यात वर असायचो. आता शेकडो नव्या शब्दांवर दिसतो, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तळाशी, म्हणून सरासरी खाली. टिचक्याही वाढल्या होत्या, फोनही. क्रमांक घसरला आणि धंदा चढला! रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती आहे, पूर आला की पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं यावरून आमचा बाजार माल वर चढवायचा की नाही ते ठरवतो. कमरेला पाणी म्हणजे कमरेलाच. हा सरासरी क्रमांक तसा मारुती नाही, तो गोदावरी, वाघाडी आणि दारणेच्या पाण्याची बेरीज करून भागाकार सांगतो. एकेक शब्द उघडून त्याचा क्रमांक बघा, एकत्र आकड्याकडे बघूच नका.

दुसरं, ते कारण सांगतं पण उपाय सांगत नाही. बटण उघडल्यावर बहुतेक पानं दोन-तीन आठवड्यांत यादीत गेली, पण काही अडकून बसली. शेरा: "क्रॉल केलं, सध्या इंडेक्स केलेलं नाही". म्हणजे गूगल येऊन बघून गेला आणि काही न घेता बाहेर पडला. असं गिऱ्हाईक आम्हाला नवीन नाही, पण का गेला ते कळेना. शेवटी लक्षात आलं की लोट्याच्या सहा मापांची सहा पानं होती आणि सहाही पानांवर त्याच दोन ओळी. सगळ्यांचं मिळून एक पान केलं, मापांचा तक्ता दिला, जुने पत्ते नव्या पानाकडे वळवले, तेव्हा घेतलं. हे सर्च कन्सोलने सांगितलं नाही, मी आणि भाचीने अंदाजाने केलं.

तिसरं, लहान साइटला वेगाचा अहवाल बहुधा "पुरेसा डेटा नाही" म्हणून कोराच दिसतो. त्यासाठी पेजस्पीड इनसाइट्स हे गूगलचं दुसरं फुकट साधन वापरलं. गूगलच्या मते पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. आमच्या समईला नऊ सेकंद लागत होते, कारण ह्यांच्या मावसभावाने मोठ्या कॅमेऱ्याने काढलेले पाच-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवले होते. फोटो हलके केले. मावसभावाला अजून सांगितलेलं नाही.

फार कमी वेळा शोधलेले शब्द सर्च कन्सोल यादीत दाखवत नाही, लोकांची खासगी माहिती जपण्यासाठी. त्यामुळे टिचक्यांची बेरीज शब्दांच्या यादीशी कधीच जुळत नाही. रोजमेळ जुळल्याशिवाय न झोपणाऱ्या घरात हे पचवायला वेळ लागला.

आणि एक लक्षात ठेवा, नकाशावरचं दुकान हा वेगळा विभाग आहे. तो गूगल बिझनेस प्रोफाइलमधून चालतो. तिथे शब्द जुळणं, अंतर आणि दुकानाची ख्याती या तिन्हींवर क्रम ठरतो. अंतराचं आपण काही करू शकत नाही, सिडकोतल्या माणसाला सिडकोतलं दुकान आधी दिसणारच. त्या कंपनीने तिथे आमच्या दुकानाच्या नावापुढे "बेस्ट कॉपर ब्रास शॉप इन नाशिक" असं शेपूट जोडून ठेवलं होतं. ते नियमात बसत नाही, प्रोफाइल बंद होऊ शकतं. काढून टाकलं, पाटीवर जे नाव आहे तेच ठेवलं. अभिप्राय वाढवायला नानांनी योजना काढली होती, पाच तारे देणाऱ्याला पितळेची पळी फुकट. तेही नियमात बसत नाही म्हटल्यावर ते दोन दिवस रुसले. आता ते बिल देताना नुसतं म्हणतात, "जमलं तर दोन शब्द लिहा." त्यांच्या पांढऱ्या टोपीकडे बघून लोक लिहितात.

कुणासाठी आहे हे? ज्याची स्वतःची साइट आहे आणि जो आठवड्याला अर्धा तास देईल त्याच्यासाठी. नुसतं इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर विकत असाल तर काही उपयोग नाही. फळ लगेच मिळेल असंही समजू नका. गूगलच स्वतः सांगतं की बदलांचा परिणाम दिसायला चार महिने ते एक वर्ष लागतं, आणि आमचा अनुभव पाचव्या महिन्याचा. ज्यांना वेळ नाही त्यांनी माणूस ठेवावा, पण त्याच्याकडून पीडीएफ न घेता सर्च कन्सोल आपल्या फोनवर उघडून मागावं. खरं काम करणारा लगेच उघडेल.

माझ्याकडून साडेचार तारे. अर्धा त्या सरासरीसाठी कापला.

काल सकाळी यादीत एक नवीन ओळ दिसली: "सिंहस्थासाठी तांब्याचे गडू घाऊक". तीन वेळा दिसलो, टिचकी शून्य. २०१५ च्या सिंहस्थात आमचे गडू पर्वणीच्या आधीच संपले होते, ते नाना अजून विसरलेले नाहीत. मी म्हटलं, नाना, २०२७ साठी लोक आत्तापासून शोधतायत, आज दुपारी पान लिहून टाकते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पडदा नीट बघितला आणि ह्यांना हाक मारली.

"पान दुपारी लिही. आधी ह्याला फोन करायला सांग, पत्र्याचा भाव काय म्हणतोय बघ."